ड्युरंड फुटबॉल फायनल हरल्यापासून पोरगा खालच्या मजल्यावर जात नाहीये, काय सांगू त्याला?

सॉल्टलेकवाली | ४ सप्टेंबर २०२३
नमस्कार मंडळी. खूप दिवसांनी लिहितेय आणि थेट अडचण घेऊनच आलेय. आम्ही मूळचे साताऱ्याचे, नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळं दोन वर्षं झाली कोलकात्यात आहोत, सॉल्ट लेकला. वर आम्ही भाड्यानं, खाली घरमालक काका-काकू. काका सत्तरीला टेकलेत, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, ज्यांना इथं घोटी म्हणतात ते, आणि मोहन बागान फुटबॉल क्लबचे एकदम कट्टर. आमचे चिरंजीव १२ वर्षांचे. शाळेत बाकावर शेजारी बसणाऱ्या मित्राचे पणजोबा फाळणीच्या वेळी ढाक्याकडून आलेले, म्हणजे ते बांगाल, आणि बांगाल म्हणजे ईस्ट बंगाल क्लबचे, लाल-सोनेरी जर्सीवाले. त्या मित्राच्या नादानं आमचाही लाल-सोनेरी झाला. रोज संध्याकाळी खाली जाऊन काकांशी (तो दादू म्हणतो) कॅरम खेळणार आणि खेळताना भांडणार, हे दोन वर्षं ठरलेलं.

काल ड्युरंडची फायनल होती, या दोघांचीच. स्टेडियम आमच्या घरापासून चालत जाण्याएवढं. नवऱ्यानं रांगेत उभं राहून तीन तिकिटं आणली. त्यात १२ ऑगस्टला याच स्पर्धेत ग्रुपमध्ये ईस्ट बंगालनं १-० नं हरवलेलं, नंदकुमारचा गोल, त्याआधी सलग आठ डर्बी (एकाच शहरातल्या दोन टीमच्या मॅचला म्हणतात) हरलेले. माझ्या पोरानं आपली टीम डर्बी जिंकताना आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा बघितली. सेमीला नॉर्थईस्टविरुद्ध दोन गोलनी मागं होते, तिथून बरोबरी केली आणि टायब्रेकरवर काढली. त्यामुळं काल तो जिंकूनच आल्यासारखा घरातनं निघाला होता.

६२ व्या मिनिटाला मोहन बागानच्या अनिरुद्ध थापाला दुसरं यलो मिळालं, समोरच्याच्या तोंडाशी बूट गेला, झालं, बाहेर. आमच्या मागं बसलेल्या आजोबांनी छत्री उघडली आणि छत्री घेऊन नाचले. पोरगा माझा दंड धरून म्हणाला, आई आता आपणच. आणि ७१ व्या मिनिटाला दिमित्री पेट्राटॉसनं उजवीकडनं बॉल घेतला, धावत आत आला, कुणी अंगावर गेलंच नाही, बॉक्सच्या बाहेरनं डाव्या पायानं मारला. पुढच्या रांगेतल्या बाईंनी झालमुरीचा कागदी ठोंगा तोंडाशी नेलेला तो तसाच राहिला. १-०, तेच शेवटपर्यंत.

पोरगा रडला नाही. गेटबाहेर आल्यावर जर्सी काढून पिशवीत टाकली. घरी आलो तर खाली दार उघडं, आतून हसण्याबोलण्याचे आवाज, आणि हा चपला हातात घेऊन जिना चढला, आवाज होऊ नये म्हणून. तेव्हापासून खाली गेला नाहीये. काय सांगू त्याला? तुमच्यापैकी कुणी शेजाऱ्याकडून, घरातल्या माणसाकडून फायनल हरलंय का?

विचारतो_बुवा | ४ सप्टेंबर
ड्युरंड म्हणजे ती आर्मीवाली ना? अजून चालू आहे होय?

पेठेतला_गोलकी | ४ सप्टेंबर
ताई, चपला हातात घेऊन जिना चढला हे वाचलं आणि पोटात कालवलं बघा. मी कोल्हापूरचा. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. तालमी म्हटलं की लोकांना लाल माती आणि पैलवान डोळ्यापुढं येतात, पण आमच्या तालमींच्या फुटबॉलच्या टीम आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियमला फायनल असली की त्या दिवशी पेठेत कामाचं बोलायचं नसतं.

माझं घर शिवाजी पेठेत आणि आजोळ मंगळवार पेठेत, यापेक्षा जास्त काही सांगायला नको. मी नववीत असताना आमची आणि मामाच्या तालमीची फायनल लागली. टायब्रेकरला गेली. आमचा पाचवा बॉल बारवर आदळला, तो आवाज अजून कानात आहे, लोखंडी पाईपवर हातोडा मारावा तसा. मी आठ दिवस मामाला चुकवून गंगावेशीचा रस्ताच सोडला, कारण मामा रोज रात्री दूध कट्ट्यावर असायचा. नवव्या दिवशी मामानंच मागनं कॉलरला धरलं आणि नेलं कट्ट्यावर. म्हशीचं दूध समोर काढलेलं, मोठा ग्लास माझ्या हातात दिला आणि एकच विचारलं, "फेस काढू का ठेवू?" बास. मॅचचा म काढला नाही. मला वाटतं तुमच्या घरमालकांनाही असंच कायतरी येत असणार, जुनी माणसं आहेत ती. पोराला एवढ्यात काही सांगू नका, राहू दे दोन दिवस.

लाईनवरचा | ४ सप्टेंबर
पुण्यात लहान मुलांना फुटबॉल शिकवतो म्हणून खेळाबद्दल बोलतो, भावनेचं बाकीचे बोलतीलच.

तुमच्या मुलाला एक गोष्ट जरूर सांगा, "समोरचे दहाच होते तरी हरलो" ही लाज बाळगू नको. दहा जण झाले की ती टीम घट्ट होते, दोन ओळी जवळ आणते, पुढं एकच माणूस ठेवते आणि बॉल मिळाला की त्याच्याकडं टाकते, एवढंच काम. अकरावाल्यांना उलट वाटतं की आता गोल झालाच पाहिजे. दोन्ही साइडबॅक वर जातात, मधले दोघं वर जातात, मागं मैदान उघडं पडतं. रेड कार्ड आणि गोल यात नऊ मिनिटं होती, म्हणजे नेमका तोच काळ जेव्हा अकरावाले सगळे पुढं धावतात. पेट्राटॉस आत येत असताना डिफेंडर मागं मागं सरकत गेले, कुणीतरी एकानं पुढं होऊन अंगावर जायला पाहिजे होतं, बाकीच्यांनी त्याच्या मागं कव्हर द्यायचं. आमच्या बारा वर्षांच्या पोरांना हे रोज सांगतो आणि रोज मागंच सरकतात. भीतीनं माणूस मागं सरकतो, मोठा असला तरी.

फोंड्याचो | ४ सप्टेंबर
मी गोव्याचा, मला या फायनलबद्दल बोलायचंच नव्हतं पण राहवत नाही. सेमीला मोहन बागान विरुद्ध आमची एफसी गोवा. नोआनं गोल केला, आम्ही पुढं होतो. मग रेफरीनं आधी फ्री किक दिली, लाईन्समनशी बोलला आणि पेनल्टी केली! फाऊल बॉक्सच्या बाहेर होता असं आमच्याकडं लहान मूलही सांगेल. कमिंग्सनं ती मारली, नंतर सादिकूनं दुसरा केला, २-१. म्हणजे ही जी घोटी-बांगाल फायनल झाली ती व्हायलाच नको होती. ताईंच्या पोराचं दुःख मला समजतं, पण माझंही कोणीतरी समजून घ्या.

सॉल्टलेकवाली | ४ सप्टेंबर
@फोंड्याचो, समजलं हो, माझ्या पोराचंही तेच मत आहे, गोवा आली असती तर बरं झालं असतं म्हणतोय. @पेठेतला_गोलकी, नवऱ्याला वाचून दाखवलं, फेस काढू का ठेवू ऐकून तो उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला, त्याचंही आजोळ कोल्हापूरच.

कूपरेजचा_काका | ५ सप्टेंबर
वरती एकानं विचारलं ड्युरंड अजून चालू आहे का, त्यांना आधी उत्तर देतो. १८८८ ला सिमल्यात सुरू झाली, मॉर्टिमर ड्युरंडच्या नावानं, ब्रिटिश पलटणींसाठी. पुढं दिल्लीला गेली, २०१९ पासून कोलकात्यात असते. परवाची १३२ वी होती. आणि मोहन बागानचा हा १७ वा ड्युरंड, त्याआधी दोघं १६-१६ वर होते. म्हणजे परवा नुसती मॅच नव्हती, जुना हिशेबही होता, तो हिशेब ईस्ट बंगालवाल्यांना जास्त लागला असणार.

आता माझं. मी गिरगावचा. आमच्या मुंबईत रोव्हर्स कप होता, कूपरेजवर. आज कुणाला नावही माहीत नसतं, २००० च्या मोसमानंतर बंद पडला, पण एके काळी ड्युरंड, रोव्हर्स आणि कोलकात्याची आयएफए शील्ड या तिन्ही एका वर्षी जिंकणं म्हणजे देशातलं सगळ्यात मोठं. ईस्ट बंगालनं १९७२ ला तिन्ही घेतल्या, मोहन बागाननं १९७७ ला. दोघं कूपरेजला आले की मुंबईतले सगळे बंगाली तिकिटाला. मी १९७२ ला १७ वर्षांचा होतो. त्या वर्षी रोव्हर्स दोघांना मिळून दिला. होय, कप दोघांचा. मैदानातून बाहेर पडताना दोन्हीकडची माणसं एकाच बसच्या रांगेत उभी होती, कुणीच जिंकलं नव्हतं आणि कुणीच हरलं नव्हतं, शिव्या चालू होत्या पण त्यात जोर नव्हता. हे टायब्रेकरचं मला आजही पटत नाही. नव्वद मिनिटं, जादा वेळ, दोन टीम समान निघाल्या तर समान म्हणावं. एका पोराच्या पायावर सगळं टाकून त्याला जन्मभर ते ओझं द्यायचं हा कुठला न्याय?

टायब्रेकर_पाहिजेच | ५ सप्टेंबर
काका, तुमच्याबद्दल आदर आहे पण हे अजिबात मान्य नाही. १९६० चा ड्युरंड या दोघांना वाटून, १९८२ चा वाटून, १९८० चा फेडरेशन कप वाटून. कप म्हणजे काय बर्फी आहे का अर्धी अर्धी करायला? लीगमध्ये बरोबरी ठीक, तिथं पॉइंट मिळतात. फायनलला एकजण हरलाच पाहिजे. त्यासाठीच तर लोक रात्रभर तिकिटाच्या रांगेत बसतात.

पेठेतला_गोलकी | ५ सप्टेंबर
मी बारवर बॉल मारलेल्या पोराच्या गल्लीत राहतो म्हणून काकांच्या बाजूनं आहे. तो आज चाळीस वर्षांचा आहे, रिक्षा चालवतो, अजून लोक त्याला "बार" म्हणून हाक मारतात. त्यानं त्या मोसमात केलेले गोल कुणाला आठवत नाहीत.

युरोपची_रात्र | ५ सप्टेंबर
कुणी रागावू नका, पण एवढं जीव टाकण्यासारखं हे फुटबॉल आहे का? मी बघितली मॅच, पास तुटतायत, पहिला अर्धा तास मिडफिल्डमध्ये नुसती ढकलाढकली. मी मँचेस्टर, मिलान, माद्रिदच्या डर्बी बघतो, त्यानंतर हे बघवत नाही. मुलाला चांगलं फुटबॉल दाखवा, आपोआप विसरेल.

लाईनवरचा | ५ सप्टेंबर
खेळ तिकडचा चांगला आहे, वादच नाही. पण मँचेस्टर हरलं तर तुम्ही चपला हातात घेऊन जिना चढत नाही ना भाऊ. खालच्या मजल्यावर मँचेस्टरचा कोण राहतोय?

युरोपची_रात्र | ५ सप्टेंबर
हे मात्र खरं आहे. मान्य.

फोंड्याचो | ५ सप्टेंबर
लाईनवरचा यांच्या बोलण्यात एक भर घालतो. शेजारी लागतो तशी जागाही लागते. २०१४ ला फेडरेशन कपच्या फायनलला दोन्ही गोव्याचे, चर्चिल ब्रदर्स आणि स्पोर्टिंग क्लब. चर्चिल ३-१ नं जिंकले. आणि मॅच कुठं? कोचीत! फातोर्ड्याला असती तर मडगावात गाडी पुढं गेली नसती. आम्ही घरात टीव्हीवर बघितली, मी आणि माझा मेव्हणा समोरासमोर सोफ्यावर, संपल्यावर तो उठून चहा करायला गेला. फायनल वाटलीच नाही.

कूपरेजचा_काका | ५ सप्टेंबर
बरोबर बोललात. याच दोघांची याआधीची ड्युरंड फायनल २००४ ला, तीही दिल्लीत आंबेडकर स्टेडियमवर, ईस्ट बंगाल २-१ नं जिंकले होते. एकोणीस वर्षांनी परत फायनलला भेटले आणि यावेळी आपल्या अंगणात. अंगणात हरणं निराळं.

वरणभात_नको | ५ सप्टेंबर
विषयांतर करतेय, माफ करा. ताई, मोहन बागान जिंकलं की कोळंबी आणि ईस्ट बंगाल जिंकलं की हिलसा असं ऐकलंय, खरं आहे का? आणि भाव वाढतात का त्या दिवशी? हिलसा म्हणजे आपल्याकडचा पाला ना, काटेच काटे?

सॉल्टलेकवाली | ५ सप्टेंबर
एकदम खरं. पाला तोच. काल संध्याकाळी बाजारात कोळंबीपुढं गर्दी, हिलसावाला पाण्याचा हबका मारत बसलेला. काकू दर वेळी जिंकल्यावर नारळाच्या दुधातली कोळंबी वर पाठवतात, चिंगडी मलाईकारी. काल नाही पाठवली. मला आधी वाटलं विसरल्या. मग लक्षात आलं की पोरामुळं मुद्दाम नाही पाठवली.

वरणभात_नको | ५ सप्टेंबर
अगं बाई. काकूंना नमस्कार सांगा.

दोन्ही_बाजू | ५ सप्टेंबर
सगळं वाचलं, छान चाललंय, पण एक गोष्ट कुणीतरी सांगायला पाहिजे म्हणून सांगतो. या डर्बीचं फक्त कोळंबी-हिलसा नाहीये. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर याच दोघांच्या लीग मॅचमध्ये स्टँडमध्ये मारामारी झाली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ माणसं गेली. मॅच बघायला गेलेली घरी आलीच नाहीत. मी कॉलेजला कोलकात्यात होतो, आमच्या हॉस्टेलच्या खानावळवाल्याचा धाकटा भाऊ त्या दिवशी मैदानावर होता, वाचला, पण परत कधी मॅचला गेला नाही. आपल्याकडं कोल्हापुरातही मॅचनंतर दगडफेक होते, मॅच थांबवाव्या लागतात, ते कौतुकानं सांगू नका.

पेठेतला_गोलकी | ५ सप्टेंबर
कौतुकानं सांगत नाही दादा. बाटली लागून माझ्या भावाला भुवईवर चार टाके पडलेत. आईनं त्यानंतर दोन वर्षं आम्हाला स्टेडियमला जाऊ दिलं नाही. ईर्षा पाहिजे पण माणूस घरी परत आला पाहिजे, यात दुमत नाही. आणि आमच्याकडं नुसती हुल्लड नाही हेही लिहून ठेवा. २०१७ ला भारतात सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला त्यात भारताकडनं खेळलेला अनिकेत जाधव आमचाच.

विचारतो_बुवा | ६ सप्टेंबर
हे घोटी-बांगाल भांडण क्लबच्या आधीपासून का क्लबमुळं? म्हणजे ईस्ट बंगाल नावाचा क्लब कोलकात्यात कसा काय, कोलकाता तर पश्चिमेला.

कूपरेजचा_काका | ६ सप्टेंबर
चांगला प्रश्न. मोहन बागान १८८९ चा. १९११ ला त्यांनी शील्डच्या फायनलला ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ नं हरवलं, बरेचसे खेळाडू अनवाणी. तेव्हा ते सगळ्या बंगालचेच होते, पूर्वेकडचेही खांद्यावर घेऊन नाचले. पुढं १९२० च्या जुलैत जोडाबागान क्लबची मोहन बागानशी मॅच होती आणि जोडाबागाननं शैलेश बोस या आपल्या खेळाडूला ऐन वेळी बाहेर बसवलं. तो पूर्वेकडचा म्हणून बसवला असं त्यांच्यातल्या पूर्व बंगालच्या मंडळींना वाटलं. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी राजीनामा देऊन बाहेर पडले आणि १ ऑगस्टला ईस्ट बंगाल क्लब निघाला. एका माणसाला बाकावर बसवल्याचा राग बघा. मग फाळणी झाली, लाखो लोक घरदार सोडून कोलकात्यात आले, त्यांना या शहरात आपलं म्हणावं असं हे एक नाव मिळालं. मागं राहिलेल्या गावाचं नाव छातीवर घालून मैदानात जायचं. त्यामुळं ईस्ट बंगालवाला हरला की नुसती मॅच हरत नाही असं मला माझ्या एका बंगाली ऑफिसमित्रानं सांगितलं होतं. आणि घोट्यांनाही वाटायचंच की आमच्या शहरात येऊन आम्हालाच हरवतात.

सॉल्टलेकवाली | ७ सप्टेंबर
मंडळी, अपडेट. काल रात्री साडेआठला दार वाजलं. काका स्वतः वर आले. गुडघ्याचं दुखणं आहे त्यांचं, दोन वर्षांत जिना चढून वर आलेले मी बघितलं नव्हतं. पोरगा अभ्यासाचं पुस्तक तोंडासमोर धरून बसला. काका खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि त्याच्याकडं न बघता मला सांगायला लागले.

१९७५ ची शील्ड फायनल. काका २१ वर्षांचे. ईस्ट बंगालनं मोहन बागानला ५-० नं मारलं. पाच! कोच पीके बॅनर्जी, दोन गोल श्याम थापाचे. काका म्हणाले चौथ्या गोलनंतर मी मोजायचं बंद केलं, पाचवा झाला तेव्हा मला वाटलं चौथाच अजून साजरा करतायत. घरी आल्यावर चार दिवस बाहेर पडले नाहीत. आई जेवणाचं ताट दारात ठेवायची. तेव्हा पोरानं पुस्तकामागनं विचारलं, "पाचव्या दिवशी काय झालं?" काका म्हणाले, समोरच्या घरातला मुलगा आला, ईस्ट बंगालचा, खिडकीतून म्हणाला कॅरमला चौथा कमी पडतोय, येतोस का. गेलो. आणि ज्या श्याम थापानं मला कोंडून घातलं तो दोन वर्षांत आमच्याकडं आला, १९७७ च्या शील्ड फायनलला त्यानंच ईस्ट बंगालवर गोल केला, आम्ही १-० नं जिंकलो, तेव्हा तो समोरचा मुलगा चार दिवस आत बसला आणि मी खिडकीत गेलो.

मग काका उठले आणि दारात म्हणाले, "उद्या येशील ना?" आज गेला. आत्ता खालून भांडणाचा आवाज येतोय, क्वीन कव्हर झाली का नाही यावरनं.

पेठेतला_गोलकी | ७ सप्टेंबर
काकांनी फेस ठेवला म्हणायचा. लई भारी.

कूपरेजचा_काका | ७ सप्टेंबर
श्याम थापा मुंबईत मफतलालच्या टीमकडूनही खेळून गेलाय, आम्ही बघितलाय त्याला. तुमच्या घरमालकांना सांगा, कूपरेजचा एक जण ओळखतो म्हणावं.

टायब्रेकर_पाहिजेच | ७ सप्टेंबर
बघा, ५-० वाटून घेतला असता तर ही गोष्टच झाली नसती. (काका रागावू नका.)

सॉल्टलेकवाली | २९ जानेवारी २०२४
धागा वर काढतेय, फक्त एवढं सांगायला की काल भुवनेश्वरला ईस्ट बंगालनं सुपर कप जिंकला, ओडिशाला जादा वेळेत ३-२. बारा वर्षांनी मोठा कप. त्याआधी याच स्पर्धेत मोहन बागानला ३-१ नं हरवलेलं. पोरगा रात्री अकराला हिलसा पाहिजे म्हणाला. जानेवारीत कुठला हिलसा! काकूंनी फ्रीजरमधला काढून दिला. घोटी घरातला हिलसा, जपून ठेवलेला, बहुतेक याच दिवसासाठी.

सॉल्टलेकवाली | १९ ऑगस्ट २०२४
परत लिहितेय. यावेळी आनंदाचं नाही. इथल्या आर. जी. कर या सरकारी हॉस्पिटलमध्ये डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. काल ड्युरंडची डर्बी होती, ती बंदोबस्ताचं कारण सांगून रद्द केली. मॅच नाही, तिकिटाचे पैसे परत. तरी काल संध्याकाळी लोक स्टेडियमच्या बाहेर आले. ईस्ट बंगालचे आले, मोहन बागानचे आले, इथल्या तिसऱ्या मोठ्या क्लबचे, मोहम्मेडनचेही आले, आपापल्या जर्सी घालून, एकत्र. आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो, मी, पोरगा आणि काका, पुढं पोलिसांची लाठी चालली म्हणून तिथनंच परतलो. पण मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, हिरव्या-मरून जर्सीतल्या एका मुलाच्या खांद्यावर लाल-सोनेरी जर्सीतला मुलगा बसलेला आणि दोघं ओरडत होते, न्याय पाहिजे. काका बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, पन्नास वर्षांत हे बघितलं नव्हतं.

@दोन्ही_बाजू, तुम्ही १९८० चं लिहिलं होतं, ते मला तिथं उभी असताना आठवलं.

दोन्ही_बाजू | १९ ऑगस्ट २०२४
तो खानावळवाल्याचा भाऊ काल गेला होता. चव्वेचाळीस वर्षांनी. आत्ताच फोन झाला.

लाईनवरचा | २० ऑगस्ट २०२४
आमच्या मुलींच्या बॅचला काल त्या खांद्यावर बसलेल्या मुलाचा फोटो दाखवला. खूप वेळ प्रश्न विचारत होत्या, प्रॅक्टिस अर्धा तास उशिरा सुरू केली.

सॉल्टलेकवाली | १ सप्टेंबर २०२४
काल परत ड्युरंड फायनल झाली. यावेळी ईस्ट बंगाल नव्हतं, मोहन बागान आणि नॉर्थईस्ट. मोहन बागान हाफटाईमला २-० नं पुढं, काका खाली टीव्हीसमोर, कोळंबी भिजत घातलेली. मग ५५ व्या मिनिटाला एक, ५८ व्या मिनिटाला दुसरा, २-२, टायब्रेकर, आणि नॉर्थईस्ट ४-३. (कूपरेजच्या काकांचा मुद्दा काल आमच्या काकांनाही पटला असणार.)

आज सकाळपासून खालचं दार बंद. पेपर बाहेरच पडलेला. पोरगा वर-खाली दोनदा जाऊन आला, मला म्हणाला आई काय बोलायचं असतं? मी सांगणार होते काहीतरी. तेवढ्यात तो गेला, अंगावर जर्सी नाही, साधा टी-शर्ट. मी जिन्यातनं ऐकत होते. दार वाजवलं आणि म्हणाला,

"दादू, कॅरमला चौथा कमी पडतोय."

दोघंच तर आहेत खेळणारे.